घरचा सर्व्हर आणि त्याची राखण

सर्व्हर हा शब्द आपल्या कानी येतो तो बहुधा नकाराच्या रूपाने. बँकेत जावे तर ‘सर्व्हर डाऊन आहे’, रेशनच्या दुकानी जावे तर तेच. त्यामुळे हा कोणी दूर देशी राहणारा लहरी साहेब असावा, अशी पुष्कळांची समजूत होऊन बसली आहे. वस्तुतः अखंड चालू राहून दुसऱ्या यंत्रांनी मागितलेली वस्तू त्यांना काढून देणारा संगणक म्हणजे सर्व्हर, एवढेच. तो कपाटाएवढा असतो, तसा पानाच्या डब्याएवढाही असतो. आमच्या एरंडोलच्या घरी माजघराच्या कोनाड्यात असा एक आहे. घरातील छायाचित्रे, शेताचे कागद व ध्वनिमुद्रणे त्यावर असतात.

हा खटाटोप कशासाठी, असे कोणी विचारील. ‘ऑर्कुट’ नावाचे चावडीवजा ठिकाण २०१४ च्या सप्टेंबरअखेर बंद झाले. गूगलने छायाचित्रांसाठी दिलेली अमर्याद फुकट जागा १ जून २०२१ पासून थांबली. यात कोणी कोणाला फसविले असे आम्ही म्हणत नाही. परक्याच्या वाड्यात बिऱ्हाड केले की मालकाच्या सोयीने उठावे लागते, इतकेच.

खर्चाचा बाऊ नको. जुना लॅपटॉपही चालतो. त्याची बॅटरी शाबूत असेल तर वीज गेल्यावर थोडा वेळ तीच सांभाळते. दहा वॅटचे लहान यंत्र अहोरात्र चालविले तर महिन्यास सुमारे सात युनिट लागतात. साठ वॅटचा जुना डेस्कटॉप त्रेचाळीस खातो. डेबियन ही १९९३ पासून चालत आलेली प्रणाली व तिच्यावर चालणारे नेक्स्टक्लाउड ही दोन्ही विनामूल्य मिळतात.

खानदेशात खरा वैरी उन्हाळा. मे महिन्यात पारा पंचेचाळिसावर जातो. डब्याच्या आतील उष्णता खोलीहून दहापंधरा अंशांनी अधिक असते, आणि पुष्कळ हार्ड डिस्कची मर्यादा साठ अंशांची. म्हणून वरच्या पत्र्याच्या खोलीत यंत्र ठेवणे म्हणजे ते तव्यावर ठेवणे होय. जुन्या धाब्याच्या घराचे माजघर यास उत्तम. पंख्यात धूळ व कापसाची तूस बसते, ती महिन्याकाठी ब्रशाने झाडावी. वळिवाचे ढग दिसले की तारा काढून ठेवाव्या. अर्थिंगच्या खड्ड्यात उन्हाळाभर पाणी घालीत जावे.

बाहेरगावाहून घरच्या यंत्राशी बोलावयाचे तर एक अडचण येते. इंटरनेट देणाऱ्या पुष्कळ कंपन्या अनेक घरांस मिळून एकच सार्वजनिक पत्ता देतात, त्यामुळे बाहेरून आलेली हाक नेमकी आपल्या दारी पोहोचत नाही. अशा वेळी वायरगार्डसारखा खाजगी बोगदा भाड्याच्या एखाद्या लहान यंत्रामार्फत काढता येतो. सताड दार मात्र उघडू नये. ते उघडल्यावर काही मिनिटांतच अनोळखी यंत्रे कुलपाला किल्ल्या लावून पाहू लागतात.

आता ज्यासाठी हा लेख लिहावयास घेतला ती गोष्ट. आमच्या यंत्रास दोन डिस्क होत्या. रोज रात्री दोन वाजता पहिलीवरील मजकुराची नक्कल दुसरीवर व्हावी अशी योजना होती, व सकाळी ‘काम पूर्ण’ असा निरोप येई. मेच्या मध्यास एका रात्री वीज गेली, इन्व्हर्टरही संपला. वीज आल्यावर यंत्र सुरू झाले; पण तारेने जोडलेली दुसरी डिस्क जोडली गेली नाही. नक्कल करणाऱ्या प्रोग्रामला डिस्क कळत नाही, केवळ जागेचे नाव कळते. आणि त्या नावाचा रिकामा कप्पा पहिल्या डिस्कवरच होता. त्याने नक्कल तेथेच उतरविली. निरोप रोज येत राहिला, आणि आम्ही तो रोज वाचला.

जूनमध्ये आजीला जात्यावर बसवून तिच्या अहिराणी ओव्या आम्ही मुद्रित केल्या. एकेचाळीस झाल्या. यंत्रावर चढविल्या आणि फोनमध्ये जागा हवी म्हणून तेथून पुसल्या. जुलैच्या पहिल्या आठवड्यात पहिली डिस्क बंद पडली. दुसरी उघडून पाहतो तो मेपर्यंतचे सर्व जागच्या जागी, ओवी मात्र एक नाही. नाशिकच्या आतेबहिणीस नऊ पाठविल्या होत्या, तेवढ्या हाती लागल्या. आजीला पुन्हा म्हणावयास सांगितले, परंतु तोवर तिचा आवाज बसला होता.

आमच्याच जिल्ह्यातील बहिणाबाई चौधरींना लिहिता येत नव्हते. मुलगा सोपानदेव व त्यांचे मावसबंधू यांनी त्यांची गाणी उतरून ठेवली, आणि त्या १९५१ साली वारल्यावर १९५२ साली पुस्तक निघाले. ते कागद कोणी चुलीत घातले असते तर? असो.

आता नक्कल करण्यापूर्वी प्रोग्राम दुसऱ्या डिस्कवर ठेवलेली एक खुणेची फाइल शोधतो. ती न सापडल्यास काम थांबवून ओरड करतो. तिसरी प्रत पुण्यास बहिणीच्या घरी असते, कारण आग व चोर दोन्ही डिस्क एकदमच नेतात. शिवाय दर अमावास्येला (ही तिथी घरात कोणी विसरत नाही) कोणतीही एक फाइल नक्कलेतून परत आणून ती उघडून पाहतो. यंत्राचे पासवर्ड आणि कोणती तार कोठली हे मराठीत लिहिलेला कागद वीजबिलांच्या पत्र्याच्या डब्यात आहे. आम्ही नसताना धाकट्या सुनेने एकदा त्यावरून यंत्र सुरू केले.

गेल्या अमावास्येला चिठ्ठी टाकली तर त्या नवांपैकीच एक ओवी निघाली. ती शेवटपर्यंत ऐकली. मध्ये जाते थांबते, आजी पाणी मागते, आणि पुन्हा घरघर सुरू होते.