स्वतःच्या मेल सर्व्हरची चाळणी

ई-मेल एका सर्व्हरवरून दुसऱ्या सर्व्हरवर नेणाऱ्या ‘एसएमटीपी’ पद्धतीचे नियम ऑगस्ट १९८२ मध्ये प्रसिद्ध झाले. तेव्हा जाळ्यावरची मंडळी मोजकी आणि बहुतेक एकमेकांच्या ओळखीची. त्यामुळे पाठवणारा खरोखर तोच आहे का, हे पाहण्याची सोय त्या नियमांत नव्हती. पाकिटावर प्रेषक म्हणून कोणीही कोणाचेही नाव लिहावे, तसेच हे. अनाहूत जाहिरात तर त्याहूनही जुनी. ३ मे १९७८ रोजी डीईसी या संगणक कंपनीच्या गॅरी थर्क यांनी इंटरनेटचे पूर्वरूप असलेल्या आर्पानेटवरच्या सुमारे चारशे जणांना एकाच वेळी विक्रीचा मजकूर पाठवला होता. आज ज्याला स्पॅम म्हणतात, त्याचा हा पहिला नमुना मानला जातो.

छत्रपती संभाजीनगरहून जालन्याकडे जाताना शेंद्रा औद्योगिक वसाहतीच्या पुढे करमाड लागते. या पट्ट्यातल्या एखाद्या लहान कारखान्याला स्वतःच्या डोमेनवरचा मेल सर्व्हर चालवायचा असेल, तर पहिला प्रश्न जागेचा. घरगुती ब्रॉडबँडचा आयपी पत्ता बदलता असतो, मेल जाण्यायेण्याचे २५ क्रमांकाचे पोर्ट अनेकदा बंद ठेवलेले असते आणि असे पत्ते पुष्कळ काळ्या याद्यांत आधीच नोंदलेले असतात. म्हणून स्थिर आयपी घ्यावा किंवा डेटा सेंटरमधला भाड्याचा सर्व्हर वापरावा. वीज जाण्याची भीती मात्र वाटते तेवढी नाही. समोरचा सर्व्हर बंद दिसला तर पाठवणारा सर्व्हर मेल रांगेत ठेवतो आणि साधारण चार-पाच दिवस पुन्हा पुन्हा प्रयत्न करतो.

चाळणीचे काम दारातच सुरू व्हावे. पोस्टफिक्स या मोफत मेल सर्व्हरमधला ‘पोस्टस्क्रीन’ हा भाग जोडणी होताच स्वागताच्या मजकुराची पहिलीच ओळ पाठवतो आणि सहा सेकंद थांबतो. नियम पाळणारा सर्व्हर वाट पाहतो. स्पॅमचा यांत्रिक प्रेषक घाईने मध्येच बोलतो आणि पकडला जातो. याच टप्प्यावर स्पॅमहाउससारख्या संस्थेच्या काळ्या यादीत तो पत्ता आहे का, तेही पाहता येते. ही विचारणा मात्र स्वतःच्या डीएनएस सर्व्हरमधूनच व्हायला हवी. गूगलच्या सार्वजनिक डीएनएसमार्फत केली, तर स्पॅमहाउस नीट उत्तर देत नाही आणि यादी लावूनही न लावल्यासारखी होते.

‘ग्रेलिस्टिंग’ ही २००३ मधली युक्ती. अनोळखी प्रेषकाला ‘थोड्या वेळाने या’ असे सांगायचे. खरा सर्व्हर परत येतो, फुटकळ स्पॅमवाला सहसा येत नाही. पण मेलवर येणारा ओटीपी दहा मिनिटांत बाद होत असेल, तर हीच युक्ती अंगलट येते. म्हणून ती सरसकट न लावता फक्त संशयास्पद मेलपुरती ठेवणे बरे. आरस्पॅमडी हे सॉफ्टवेअर तसेच करते.

त्यानंतर ओळखपरेड. कोणत्या सर्व्हरवरून मेल निघू शकते हे डोमेनचा मालक एसपीएफ नोंदीत जाहीर करतो. डीकेआयएम म्हणजे मेलवरची सांकेतिक सही. या दोहोंपैकी एकाशीही प्रेषकाच्या दिसणाऱ्या पत्त्यातले डोमेन जुळले नाही तर काय करावे, ते डीमार्क सांगते. मेल पुढे पाठवली की एसपीएफ मोडते, सही बहुधा टिकते. म्हणून एकट्या एसपीएफवर मेल नाकारणे चूक.

मजकुराची तपासणी गुणांवर चालते. स्पॅमअसॅसिन हे सॉफ्टवेअर प्रत्येक संशयास्पद खुणेला गुण देते आणि बेरीज पाचवर गेली की मेलवर स्पॅमचा शिक्का मारते. अडचण अशी की तयार नियम मुख्यतः इंग्रजी मजकूर पाहून बनलेले आहेत. ‘पेमेंट’, ‘इन्व्हॉइस’, ‘अर्जंट’ हे शब्द सुट्या भागांच्या कारखान्याच्या रोजच्या खऱ्या पत्रव्यवहारातलेच, तर मराठीतले ‘कर्ज मंजूर’ त्या नियमांना कळतच नाही.

इथे बेझची पद्धत उपयोगी पडते. थॉमस बेझ यांचा संभाव्यतेवरचा निबंध त्यांच्या मृत्यूनंतर १७६३ मध्ये छापला गेला. स्पॅम ओळखण्यासाठी त्याचा वापर लोकप्रिय झाला तो पॉल ग्रॅहम यांच्या २००२ च्या लेखामुळे. समजा, एखादा शब्द २०० स्पॅम मेलपैकी १०० मध्ये आला आणि २०० खऱ्या मेलपैकी एकाच मेलमध्ये. मग तो शब्द असलेली मेल स्पॅम असण्याची शक्यता १०१ पैकी १००, म्हणजे ९९ टक्के. अशा अनेक शब्दांचे आकडे एकत्र करून निर्णय होतो. स्पॅमअसॅसिनचा हा भाग किमान २०० स्पॅम आणि २०० खऱ्या मेल शिकवल्याशिवाय कामाला लागत नाही. खऱ्या मेल शिकवायचे बहुतेकांकडून राहून जाते आणि चाळणी आंधळी राहते.

मराठीसाठी नमुने अधिकच लागतात. ‘कर्ज’, ‘कर्जाचे’, ‘कर्जासाठी’ ही वाचणाऱ्याला एकाच शब्दाची रूपे वाटतात; यंत्र ते तीन वेगळे शब्द म्हणून मोजते. म्हणून शिकवणे रोजच्या वापरात मुरवावे. मेलपेट्या सांभाळणाऱ्या डव्हकॉट या सॉफ्टवेअरमध्ये अशी जोडणी करता येते की मेल जंक फोल्डरमध्ये टाकली की ती स्पॅम म्हणून आणि बाहेर काढली की खरी म्हणून आपोआप शिकली जाते.

पकडलेली मेल गुपचूप पुसून टाकणे हा सर्वांत वाईट पर्याय, कारण ऑर्डर हरवली तरी कोणालाच पत्ता लागत नाही. पाच गुणांच्या वरची जंकमध्ये जावी. पंधराच्या वरची जोडणी सुरू असतानाच नाकारावी, म्हणजे खऱ्या प्रेषकाला ते कळते. आधी स्वीकारून मागाहून नकार पाठवला, तर तो ज्याचे नाव चोरले त्या निरपराध माणसाकडे जातो.

एक फसवणूक मात्र या सगळ्या चाळण्यांतून सहज निसटते. पुरवठादाराच्या डोमेनमधले एकच अक्षर बदलून भामटा नवे डोमेन रीतसर विकत घेतो आणि ‘आमचे बँक खाते बदलले आहे’ असे कळवतो. डोमेन त्याच्याच मालकीचे, त्यामुळे एसपीएफ, डीकेआयएम, डीमार्क सगळे बरोबर येते आणि मजकुरातही खटकण्याजोगे काही नसते. खाते बदलल्याची मेल आली की मेलमधल्या नव्हे, तर जुन्या बिलावरच्या क्रमांकावर फोन करून खात्री करावी. पैसे गेलेच, तर लगेच १९३० या राष्ट्रीय सायबर हेल्पलाइनवर कळवावे.