न्यूयॉर्कची ५,१०६ मतं

१८४४ मध्ये अमेरिकेचा अध्यक्ष ठरवला तो न्यूयॉर्क राज्यानं. तेव्हा देशभर एकाच दिवशी मतदान होत नसे. १ नोव्हेंबरपासून ४ डिसेंबरपर्यंत राज्याराज्यांत ते चालू होतं. डेमोक्रॅट जेम्स पोक यांना १७० निर्वाचक मतं मिळाली, व्हिग पक्षाचे हेन्री क्ले यांना १०५. पोक यांच्या मतांतली ३६ एकट्या न्यूयॉर्कची. ती फिरली असती, तर क्ले १४१ विरुद्ध १३४ असे जिंकले असते. पोक यांना स्वतःचं टेनेसी राज्यसुद्धा राखता आलं नाही, पण न्यूयॉर्क ५,१०६ मतांनी हाती आलं आणि तेवढ्यानं भागलं.

या निकालाचं खापर फुटलं ते जेम्स बर्नी यांच्यावर. गुलामगिरीविरोधी लिबर्टी पार्टीच्या या उमेदवाराला न्यूयॉर्कमध्ये १५,८१२ मतं पडली होती. त्यातली निम्मी जरी क्ले यांच्याकडे वळली असती तरी चित्र पालटलं असतं, असा व्हिगांचा हिशेब. आकड्यांत तो चूक नाही.

पण ही मतं क्ले यांच्याकडे का वळावीत? निवडणुकीचा कळीचा प्रश्न होता टेक्सास. ते संघराज्यात आलं, की गुलामगिरीला आणखी मोठा मुलूख मिळणार होता. एप्रिलमध्ये क्ले यांनी जाहीर पत्र लिहून विलीनीकरणाला विरोध केला. दक्षिणेत कुरबुर सुरू होताच जुलैत त्यांनी अलाबामाला दोन पत्रं पाठवली. दुसऱ्या पत्रात त्यांनी म्हटलं, की बेअब्रू आणि युद्ध टाळून, सर्वांच्या संमतीनं व न्याय्य अटींवर टेक्सास आलं तर आपल्याला आनंदच होईल. गुलामगिरीचा मुद्दा त्याच्या आड येऊ नये. माणसांची खरेदी-विक्री हे पाप मानणाऱ्या मतदारानं हे वाचून काय करावं? शिवाय क्ले स्वतः गुलामांचे मालक होते. बर्नी यांनी आपले गुलाम दहा वर्षांपूर्वीच मुक्त केले होते.

डेमोक्रॅटांनी मात्र न्यूयॉर्कची मोट नीट बांधली. अध्यक्षपदाची उमेदवारी हुकल्यानं मार्टिन व्हॅन ब्यूरन यांचे समर्थक नाराज होते. त्यांना धरून ठेवायला लोकप्रिय सायलस राइट गव्हर्नरपदासाठी उभे राहिले आणि मिलर्ड फिलमोर यांना हरवून निवडून आले. स्थलांतरित कॅथलिकांची मतंही बहुतांशी त्याच बाजूला गेली.

पोक यांच्या शपथविधीला तीन दिवस उरले असताना, १ मार्च १८४५ रोजी, मावळते अध्यक्ष टायलर यांनी टेक्सासच्या विलीनीकरणाच्या ठरावावर सही केली. पुढच्याच वर्षी मेक्सिकोशी युद्ध पेटलं. न्यूयॉर्क क्ले यांच्या हातून गेलं ते त्यांच्या स्वतःच्याच पत्रांमुळे. बर्नींच्या मतदारांनी फक्त आपल्या मताशी इमान राखलं.