सोवळे, मंत्रचळ आणि दोन तांबे

ब्रह्मदेशाचा पदच्युत राजा थिबा ज्या साली रत्नागिरीत नजरकैदेत आला, त्याच १८८६ साली येथील मनोरुग्णालय सुरू झाले, हा केवळ योगायोग. तथापि राजाची तैनात त्याच्या इतमामास अनुसरून मुकर्रर होत असता, इस्पितळात दाखल होणाऱ्याविषयी वेड्यांच्या इस्पितळांविषयीच्या १८५८ च्या कायद्यास मुख्य प्रश्न पडे तो एवढाच, की हा इसम वेडा आहे किंवा नाही.

अमेरिकन मानसशास्त्रज्ञ गॉर्डन पॉल यांनी १९६७ साली निराळाच प्रश्न पुढे ठेवला: कोणता उपचार, कोणाच्या हातून, कोणत्या व्यक्तीस, तिच्या कोणत्या व्यथेवर आणि कोणत्या परिस्थितीत गुणकारी ठरतो?

या प्रश्नाचे मर्म आपल्या कोकणात सोवळ्याओवळ्याच्या घरी जितके उमगते तितके ग्रंथांत उमगत नाही. अशी कल्पना करा, की बाजारातून आलेल्या दुधाच्या पिशवीस हात लागताच एक प्रौढ गृहिणी वीस-वीस तांबे पाणी हातांवर ओतते. जुनी माणसे याला मंत्रचळ म्हणत. ज्या स्पर्शाची धास्ती तो मुद्दाम करावयाचा आणि मग धुण्याची ऊर्मी आवरून धरावयाची, ही व्हिक्टर मेयर यांनी १९६६ साली लंडनहून प्रसिद्ध केलेली रीत आजही मान्य आहे. परंतु बाईंनी पारोशाने देव्हाऱ्यास शिवावे असे फर्मान जो चिकित्सक काढील, त्याला आचार कोठे संपतो आणि आजार कोठे सुरू होतो हेच कळले नाही, असे माझे स्पष्ट मत आहे. उलटपक्षी, बाईंचे डोळे पाणावले म्हणून स्पर्शाचा पाठच रद्द करणारा रोगाशी संधान बांधतो. मात्रा बदलावी, अनुपान बदलावे. मूळ औषध वगळू नये.

चिकित्सक व रुग्ण यांचे सूत जुळणे आणि गुण येणे यांचा संबंध २०१८ साली २९५ अभ्यास एकत्र करून तपासला गेला, तेव्हा सहसंबंध सुमारे ०.२८ भरला, हा आकडा मध्यम खरा, पण उपचारपद्धती कोणतीही असो, तो बहुधा टिकून राहतो. हे सूत जुळते कसे, ते मात्र आकड्यात दिसत नाही; ते चिकित्सक त्या बाईंशी कसे बोलतो, त्यात दिसते.

"काकू, तुमच्या सासूबाई हात धुवायला किती पाणी घेत?"

"त्या होय? दोन तांबे. कडक सोवळ्याच्या होत्या हो."

माप घरातच सापडले. पिशवीस हात लावावयाचा, हे ठरलेलेच. पहिल्या आठवड्याचा सौदा पाच तांब्यांवर पटतो.