कानस विसरलेलं रिव्हॉल्व्हर

‘द वॉकिंग डेड’ बघितलीय? २०१० मध्ये सुरू झालेली ती झोंबीवाली सीरियल हो! त्यातल्या रिक ग्राइम्सच्या हातात एक लांब नळीचं रिव्हॉल्व्हर असतं. सगळं जग कुजतंय, पण ते मात्र लखलखीत! त्याचं नाव कोल्ट पायथन. गन्सचे शौकीन त्याला ‘रिव्हॉल्व्हरमधली रोल्स रॉइस’ म्हणतात. गंमत म्हणजे सीरियल सुरू झाली, तेव्हा पायथन बनणंच बंद झालेलं होतं. कारण? ज्या हातांनी ते बनायचं, त्या हातांचे तास कंपनीच्या हिशेबात बसेनासे झाले होते.

निळ्या घुमटाखाली

मला या विषयाचा नाद लागला तो हार्टफर्डमुळे. अमेरिकेतल्या कनेक्टिकट राज्यातलं हे इन्शुरन्सचं शहर. त्यामुळे आपल्या आयटीवाल्यांचं नेहमीचं ऑनसाइट. मीही तिथे दोन वर्षं काढली. ऑफिसला जाताना हायवेवरून रोज एक निळा, सोनेरी चांदण्यांचा, कांद्याच्या आकाराचा घुमट दिसायचा. कुणालाही रशियन चर्च वाटावं असा! प्रत्यक्षात ती सॅम्युअल कोल्टची बंदुकांची फॅक्टरी. १८५५ मध्ये उभी राहिलेली, १८६४ च्या आगीत जळालेली आणि पुन्हा बांधलेली. कंपनीने १९९४ मध्ये ही जागा सोडली आणि शेजारच्या वेस्ट हार्टफर्डला बस्तान हलवलं. जुन्या इमारतींत आता लोक राहतात, ऑफिसेस आहेत.

आता खरी गोम ऐका. हातकारागिराची सुट्टी करायची आयडिया जगाला दिली तीच मुळी या परिसराने! इथून तासाभराच्या आत स्प्रिंगफील्ड लागतं. तिथे १७९४ ते १९६८ सरकारी शस्त्र कारखाना होता. एका बंदुकीचा सुटा भाग दुसऱ्या बंदुकीत चपखल बसला पाहिजे, हे वेड तिथे आणि आसपासच्या कारखान्यांत जोपासलं गेलं. १८५१ च्या लंडनच्या प्रदर्शनात कोल्टची रिव्हॉल्व्हर्स मांडली होती, तेव्हा इंग्रज चकित झाले आणि पुढे या पद्धतीला ‘अमेरिकन सिस्टिम’ असं नावच पडलं. शिलाई मशीन, सायकल, मोटार सगळ्या नंतर त्याच वाटेने गेल्या.

मग कारागीर तेव्हाच संपला का? नाही ना! मशीन भाग ‘जवळजवळ’ बरोबर बनवायचं. ते ‘जवळजवळ’ पुसून टाकायला शेवटी कानस घेतलेला माणूसच लागायचा. आणि हा माणूस त्यानंतर शंभराहून जास्त वर्षं टिकला.

कानस काय करायची?

पायथन बाजारात आलं १९५५ मध्ये. किंमत १२५ डॉलर. त्या काळात अंमळ महागच. रिव्हॉल्व्हरचं काम साधं वाटतं. चाप ओढला की आतली एक छोटी दांडी सिलिंडरला ढकलते, सिलिंडर एक घर फिरतं, खटका त्याला लॉक करतो आणि घोडा पडतो. पण गोळीचं घर आणि नळी नेमकी एका रेषेत यायला हवीत. सहाच्या सहा घरांना! फिटर भाग बसवून बघायचा, पुन्हा काढायचा, दगडावर कणभर घासायचा, पुन्हा बसवायचा. किती घासायचं हे ड्रॉइंगवर लिहिलेलं नसायचं. ते बोटांना कळायचं.

मग पॉलिश. पायथनचा तो गाजलेला गडद निळा म्हणजे रंग नव्हेच. पोलादाच्या पृष्ठभागावर मुद्दाम आणलेला ऑक्साइडचा पातळ थर तो. तो काहीच झाकत नाही. खालच्या पोलादावर एक ओरखडा राहिला, तरी तो वर दिसणारच. म्हणून आधी पोलाद आरशासारखं घासायचं, तेही कडा आणि अक्षरं बोथट होऊ न देता. चाकावर हात जरा जास्त दाबला गेला की पीस वाया!

हार्टफर्डच्या एका कलीगच्या वडिलांकडे असं जुनं पायथन होतं. काही अपवाद सोडले, तर आपल्यासारख्या व्हिसावाल्यांना बंदूक बाळगायला तिथल्या फेडरल कायद्याची मनाई आहे. त्यामुळे मी हात पाठीमागे बांधून फक्त बघितलं. काकांनी ते रिकामं असल्याची दोनदा खात्री केली आणि घोडा सावकाश मागे ओढला. किर्र नाही, खडखड नाही. नुसता एक हलका ‘टक्’. बँकेच्या तिजोरीचं दार लागावं तसा.

हिशेब जुळेना

हा ‘टक्’ महाग पडायला लागला तो ऐंशीच्या दशकात. १९८२ मध्ये गॅस्टन ग्लॉकचं पिस्तूल ऑस्ट्रियाच्या लष्कराने स्वीकारलं. फ्रेम प्लास्टिकची, थेट साच्यातून निघणारी. सुटे भाग मोजकेच आणि फिटरची गरज जवळपास शून्य. पुढच्या काही वर्षांत अमेरिकी पोलिसांनी रिव्हॉल्व्हर सोडून अशी पिस्तुलं कमरेला लावली.

त्यात कोल्टमध्ये १९८६ च्या जानेवारीत संप सुरू झाला. तो चालला चार वर्षं! १९८८ मध्ये एम-१६ रायफलचं लष्करी कंत्राट हातचं गेलं. १९९० मध्ये तडजोड झाली, १९९२ मध्ये कंपनी दिवाळखोरीत. २०१५ मध्ये पुन्हा तेच. पायथनचं नियमित उत्पादन नव्वदच्या दशकाअखेर थांबलं. नंतर काही वर्षं ऑर्डरपुरती थोडी बनली, मग तीही बंद. २०२१ मध्ये कोल्ट एका चेक कंपनीने विकत घेतली.

स्प्रिंगफील्डच्या स्मिथ अँड वेसनमध्येही तीच तऱ्हा. नळीला आडवी पिन मारून ती पक्की करायची जुनी रीत १९८२ च्या सुमारास गेली. नव्वदच्या दशकात घोडा आणि चाप धातूची पूड साच्यात दाबून, भट्टीत भाजून बनायला लागले. २०२३ मध्ये तर हेडक्वार्टरच टेनेसीला गेलं.

मग बिघडलं काय?

२०२० मध्ये पायथन परत आलं! स्टेनलेस स्टीलचं, कॉम्प्युटरवर चालणाऱ्या मशीनवर कापलेलं, आतली रचना सोपी केलेलं. किंमत १,४९९ डॉलर. फिटरचं काम कमीत कमी राहावं, असंच ते डिझाइन केलंय. आणि खरं सांगायचं, तर ते बरंच मजबूत आहे. जुनं पायथन फार वापरलं की त्याचं टायमिंग बिघडायचं आणि ते जुळवायला जाणकार माणूस शोधत फिरावं लागायचं.

शिवाय हे हत्यार आहे, पैठणी नव्हे! अमेरिकेत बंदुकीने होणाऱ्या खुनांत सर्वांत जास्त वापर हँडगनचाच होतो. गोळी लागलेल्या माणसाला पॉलिशशी काय देणंघेणं? त्यामुळे बंदुकीसाठी गळा काढायची माझी मुळीच इच्छा नाही.

मला चुटपुट लागते ती त्या बोटांची. हातकाम अगदी मेलंय असंही नाही. अर्कान्सामधल्या बेरीव्हिल गावात नाइटहॉक कस्टम ही कंपनी आहे. तिथे एकच कारागीर एक पिस्तूल सुरुवातीपासून शेवटपर्यंत बनवतो. किंमत हजारो डॉलर्स. म्हणजे एके काळी गस्तीवरचा पोलीस जी कारागिरी कमरेला लावून फिरायचा, ती आता श्रीमंतांच्या कपाटात गेली. कोलोरॅडोतल्या ट्रिनिडाडच्या कॉलेजात १९४७ पासून बंदूक दुरुस्तीचं शिक्षणही मिळतं. पण वर्ग वेगळा आणि वीस वर्षं उस्तादाच्या शेजारच्या बाकावर बसणं वेगळं. फॅक्टरीतून एक जुना फिटर रिटायर झाला आणि शेजारचा बाक रिकामा असला, की ‘किती घासायचं’ याचं उत्तर त्याच्याबरोबर घरी जातं.

आपल्याकडे प्रोजेक्ट सोडताना नॉलेज ट्रान्सफर करतात ना? आठ दिवसांची सेशन्स, चाळीस पानांचं डॉक्युमेंट, शेवटी केक. त्या डॉक्युमेंटमध्ये सगळं असतं. फक्त सिस्टिम कधी रुसणार, हे तिच्याकडे नुसतं बघून ओळखणारा सीनियर तेवढा नसतो. तुमच्या ऑफिसात असा कुणी असेल, तर या आठवड्यात त्याच्याशेजारी खुर्ची ओढून बसा. त्याची नोटीस यायच्या आत!