डोक्याला मार लागला, मैत्री तुटू नये

रावेर तालुक्यात आई-बाप केळीच्या बागेत घड वाहायला जातात. अशा घरातले लेकरू मोटारसायकलवरून पडते, डोक्याला मार लागतो. जखम भरते, लेकरू चालू-बोलू लागते. पण सवंगडी एकेक करून दुरावतात. मेंदूची इजा वरून दिसत नाही. लेकरू लवकर थकते, नावे विसरते, गोंगाटात चिडते. इतरांना वाटते, हा मुद्दाम करतो. मग ‘येडा’ हे नाव पडते.

पालकांनी गल्लीतल्या मुलांना सरळ सांगावे : याच्या मेंदूला मार लागला आहे, सावकाश बोला, खेळाचा नियम पुन्हा सांगा. एका वेळी एकच सवंगडी घरी बोलवावा. अर्धा तास कॅरम पुरे. थकण्याआधीच डाव थांबवावा. विहारात वंदनेच्या वेळी त्याला मेणबत्त्या लावण्याचे काम द्यावे. भीमजयंतीच्या मिरवणुकीत त्याला ढोल-ताशापासून दूर, एका मित्रासोबत उभे करावे.

प्रमाणपत्रावर ४० टक्के किंवा अधिक अपंगत्व असेल, तर २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने ६ ते १८ वर्षांच्या मुलाला जवळच्या शाळेत मोफत शिक्षणाचा हक्क आहे. तिथेही बाकावर शेजारी समजूतदार मित्र बसवायला गुरुजींना सांगावे.

कल्याणमित्रता हे धम्मजीवनाचे अर्धे अंग नव्हे, ते संपूर्ण धम्मजीवनच आहे, असे भगवान बुद्धांनी आनंदाला सांगितले. त्याची सुरुवात आपल्या ओट्यापासून करू या.