तंजावरची ओस छत्रे

तंजावरला जाणारा मराठी प्रवासी बृहदीश्वराचे देऊळ पाहतो. तेथे १८०३ साली कोरविलेला भोसले घराण्याच्या इतिहासाचा मराठी शिलालेख दिसला, की त्याचा ऊर भरून येतो. मग राजवाडा आणि सरस्वती महाल पाहून तो परत फिरतो. या वास्तूंना वाली आहे. त्यांची चित्रे घरोघर पोचली आहेत. परंतु त्याच राजांनी उभारलेल्या आणखी एका जातीच्या वास्तू शहराबाहेरच्या रस्त्यांवर आहेत. ती देवालये नव्हेत, राजवाडेही नव्हेत. त्या लोकोपयोगी संस्था होत्या. तेथे त्यांना छत्र म्हणत.

काशी-रामेश्वराची यात्रा आपल्याकडे पिढ्यानपिढ्या चालत आली. रामेश्वराची वाट तंजावरच्या मुलखातून जाई, आणि त्या वाटेवर यात्रेकरूंसाठी भोसले राजांनी छत्रे बांधली. नीडामंगलमचे यमुनांबा छत्र त्यांपैकी एक. दुसरे सर्फोजीराजे दुसरे यांनी मुक्तांबा हिच्या स्मरणार्थ १८०२ च्या सुमारास ओरत्तनाडू येथे बांधलेले. त्याच्या दर्शनी भागाला रथाचा आकार दिलेला असून दगडी घोडे आणि हत्ती तो रथ ओढीत आहेत.

छत्रात नेमके काय चाले, हे सर्फोजीराजांनी १८०१ साली ब्रिटिश रेसिडेंटला लिहिलेल्या एका पत्रावरून कळते. १७९९ च्या तहाने राज्याचा कारभार कंपनीकडे गेला होता. छत्रेही आपल्या हातून जातील की काय, या चिंतेने राजांनी ते पत्र लिहिले. कोणत्याही जातीच्या वाटसरूला तेथे अन्न मिळे. मध्यरात्री घंटा वाजवून, कोणी उपाशी राहिला असल्यास त्याला जेवायला बोलावीत. आजाऱ्यांसाठी आणि विषबाधेवर उपचारासाठी वैद्य असत. गरोदर स्त्रियांची काळजी घेतली जाई, आणि पोरक्या झालेल्या मुलांना सांभाळून त्यांना शिक्षक अक्षरे शिकवी. अन्नछत्र, दवाखाना, शाळा आणि अनाथालय ही सारी एका छपराखाली होती.

पुढे ही छत्रे ओस का पडली? १८५५ साली शिवाजीराजे दुसरे निपुत्रिक वारले आणि तंजावरचे संस्थान खालसा झाले. १८६१ साली नागपट्टणहून तंजावरपर्यंत आगगाडी आली. १९१४ साली पांबनच्या पुलावरून ती थेट रामेश्वराच्या बेटावर पोचली. मजल दरमजल करीत जाणारा यात्रेकरू मग रात्रीत तो पल्ला गाठू लागला. वाट बदलली आणि वाटेवरचे अन्न उरले नाही. ओरत्तनाडूच्या छत्रात पुढे विद्यार्थ्यांचे वसतिगृह होते. तो वापर थांबल्यावर तेथील पडझडीला वेग आला. रिकाम्या घराला पावसापेक्षा त्याचे रिकामेपणच अधिक जाचते. गळके कौल कोणी बदलीत नाही, आणि भिंतीतून उगवलेले पिंपळाचे रोप कोणी उपटीत नाही.

अशा वास्तूत छायाचित्रासाठी शिरणाऱ्याने प्रथम परवानगी घ्यावी, कारण मोडकी वास्तू बेवारशी नसते. तंजावरचा मोठा पाऊस ऑक्टोबर ते डिसेंबर या काळात पडतो. म्हणून जानेवारीत जाणे चांगले. ओल कोठवर चढली, हे तेव्हा चुन्याच्या गिलाव्यावर स्पष्ट वाचता येते. माडीवर जाण्याचा मोह टाळावा. लाकडी तुळयांची टोके भिंतीत कुजलेली असतात आणि वरून धड दिसणारी जमीन पायाखाली खचते. आधी बाहेरून चारही बाजू, मग प्रत्येक दालन, मग बारकावे, असा क्रम ठेवावा. चित्रात मोजपट्टी असावी. दिशा आणि तारीख लगोलग वहीत लिहावी. कोसळलेली कमान सर्वांनाच भुरळ घालते. पण धुराने काळवंडलेले छत अधिक मोलाचे, कारण चूल कोठे होती हे त्यावरून समजते.

या मुलखात असे काम करणारा एक पूर्वसूरी होऊन गेला. मद्रास सरकारचा छायाचित्रकार कॅप्टन लिनियस ट्राइप १८५८ साली, म्हणजे शेवटचा राजा वारल्यावर तीनच वर्षांनी, तंजावरला आला. बृहदीश्वराच्या जोत्यावरील लेख त्याने तुकड्यातुकड्याने टिपले आणि २१ चित्रे जोडून सुमारे १९ फूट लांबीचा एक पट तयार केला. सौंदर्यापेक्षा नोंद महत्त्वाची, हे त्याला कळले होते. मात्र त्याच्या चित्रांत माणसे क्वचितच दिसतात. याचा अर्थ गाव ओसाड होते, असा नव्हे. त्याच्या मेणकागदी निगेटिव्हवर चित्र उमटण्यास इतका वेळ लागे, की चालत्या माणसाची खूणही राहत नसे. छायाचित्रातील शून्यता पुष्कळदा यंत्राची असते. ती वास्तूच्या माथी मारू नये.

हीच सावधगिरी आजच्या छायाचित्रकारालाही हवी. पडक्या वास्तूचे चित्र सुंदर निघते, आणि त्या सौंदर्यातच धोका आहे. पाहणाऱ्याला भग्नतेचा गोडवा वाटू लागतो आणि तेथे एके काळी काय चालत असे, हे विचारायचे राहून जाते. कॅमेऱ्याला भिंत दिसते, पण भिंतीच्या आतले काम दिसत नाही. ते कागदपत्रांतून शोधावे लागते. सरस्वती महालात तंजावर दरबारची मोडी कागदपत्रे जतन केलेली आहेत. चित्र आणि कागद शेजारी ठेवले, म्हणजे ओस दालन पुन्हा स्वयंपाकघर होते आणि ओसरी पुन्हा शाळा होते.

अर्थात चित्रांनी छप्पर शाकारले जात नाही. वास्तू टिकते ती वापराने, आणि तिचा योग्य वापर कोणता हे ठरविण्यासाठी तिचा पूर्वीचा वापर ठाऊक असावा लागतो. मुक्तांबा छत्राचा दगडी रथ आजही छायाचित्रात येतो. मध्यरात्रीची घंटा कोणत्याही छायाचित्रात येणार नाही. ती ऐकून, कोणी उपाशी राहिले आहे काय असे विचारणारी माणसे तेथे होती, एवढे त्या चित्राखाली लिहिले जावे.