शिडीवरून पडलेल्या कारागिराची भरपाई

संगणक, नेटवर्क किंवा सीसीटीव्ही बसवून देणाऱ्या दुकानातील कारागिराला कामावर इजा झाली, तर भरपाई देण्याची जबाबदारी कायद्याने मालकावर असते. ही जबाबदारी पेलता यावी म्हणून मालक जो विमा घेतो, तो कर्मचारी भरपाई विमा. बाजारात त्याला ‘वर्कमेन्स कॉम्पेन्सेशन’ या जुन्या नावावरून अजूनही ‘डब्ल्यूसी पॉलिसी’ म्हणतात.

उदाहरण म्हणून गौतमपुरा घेऊ. इंदूर जिल्ह्याच्या देपालपूर तालुक्यातील हे मल्हारराव होळकरांच्या पत्नी गौतमाबाई यांच्या नावाचे गाव. अशा गावात संगणकाचे दुकान म्हणजे बहुधा मालक आणि हाताखालची दोन-तीन मुले. तीच मुले शाळेत संगणक कक्ष उभा करतात, बँकेच्या शाखेत रॅक लावतात, गोदामाच्या भिंतीवर कॅमेरे चढवतात. केबल ओढताना शिडी सरकते, ड्रिल भिंतीतल्या चालू वायरला लागते, छतावर अँटेना लावताना तोल जातो. यूपीएसच्या बॅटऱ्या जड असतात, शिवाय मुख्य वीज बंद केली तरी त्यांच्या टोकांवर दाब राहतोच. धंदा लहान असला म्हणून धोका लहान होत नाही.

दहा किंवा अधिक कर्मचारी असलेल्या दुकानात, २१ हजार रुपयांपर्यंत पगार असणाऱ्यांना कर्मचारी राज्य विमा योजना लागू होते. मालक पगाराच्या सव्वातीन टक्के आणि कामगार पाऊण टक्का वर्गणी भरतो. या योजनेत विमा उतरलेल्याला कामावरच्या अपघाताचे लाभ योजनेच्या महामंडळाकडून मिळतात आणि त्याच इजेसाठी मालकाकडे वेगळी भरपाई मागता येत नाही. दोन-तीन मुलांचे दुकान या योजनेबाहेर राहते. तिथे आधार असतो तो मालकाच्या जबाबदारीचा.

ही जबाबदारी १९२३ च्या कामगार भरपाई कायद्याने आली. २१ नोव्हेंबर २०२५ पासून त्या कायद्याची जागा सामाजिक सुरक्षा संहितेने घेतली. तत्त्व आणि हिशेबाचे सूत्र तेच राहिले. मालकाची चूक होती का, हे पाहिले जात नाही. इजा कामामुळे आणि कामाच्या ओघात झाली, एवढे पुरते. रोजंदारीचा मदतनीसही यात येतो, कारण नैमित्तिक कामगारांना वगळणारी तरतूद २००० साली काढून टाकण्यात आली. दारूच्या अमलाखाली किंवा सुरक्षेचा नियम जाणूनबुजून मोडून झालेल्या इजेची भरपाई नाकारता येते. मात्र मृत्यू किंवा कायमचे पूर्ण अपंगत्व आले, तर हा बचाव चालत नाही.

‘कामाच्या ओघात’ म्हणजे काय, हे गौतमपुऱ्याच्याच उदाहरणाने स्पष्ट होते. दिवाळीच्या दुसऱ्या दिवशी तिथे हिंगोट युद्ध होते. गौतमपुऱ्याचा तुर्रा आणि रुणजीचा कलंगी असे दोन संघ एकमेकांवर पेटते हिंगोट, म्हणजे बारूद भरलेली हिंगोटाची फळे, फेकतात. दुकानातला मुलगा सुट्टीत तिथे भाजला, तर भरपाई लागू होत नाही. पण मालकाने त्याला मैदानालगत कॅमेरे लावायला पाठवले असेल आणि तिथे तो जखमी झाला, तर दावा उभा राहतो. कामावर जाताना-येतानाचा अपघातही काळ, ठिकाण आणि कामाचा संबंध जुळल्यास यात येतो. उस्मानाबाद, म्हणजे आताच्या धाराशिव जिल्ह्यातील साखर कारखान्याचा पहारेकरी २००३ मध्ये पहाटेच्या पाळीला जाताना वाटेत दगावला. त्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २९ जुलै २०२५ रोजी हेच मान्य केले. संहितेतही तशी तरतूद आहे.

भरपाईचा हिशेब पगार आणि वय यांवर होतो. हिशेबासाठी पगाराची कमाल मर्यादा २०२० मध्ये महिना १५ हजार रुपये ठरली. पंचवीस वर्षांच्या कारागिराचा पगार १२ हजार धरू. कायद्यात या वयासाठी ठरलेला गुणक २१६.९१. मृत्यू झाल्यास निम्मा पगार गुणिले गुणक, म्हणजे १३,०१,४६० रुपये. कायमच्या पूर्ण अपंगत्वात पगाराचे ६० टक्के धरतात. रक्कम १५,६१,७५२ होते. अंगठा गेला तर कमाईची क्षमता ३० टक्क्यांनी घटली असे मानून सुमारे ४,६८,५०० रुपये. तात्पुरत्या अपंगत्वात दर पंधरवड्याला पगाराचा चौथा हिस्सा, इथे ३ हजार रुपये. उपचाराचा खर्च वेगळा.

हातावर पोट असलेल्याचे नुकसान त्याच्या कामावरूनच मोजले जाते. ओडिशात एका सिनेमागृहात काम करताना पडून डावा हात गमावलेल्या सुताराला सर्वोच्च न्यायालयाने १९७५ मध्ये पूर्ण अपंग ठरवले, कारण एका हाताने सुतारकाम होत नाही. भरपाई अपघाताच्या दिवसापासूनच देय होते, हेही त्याच निकालाने पक्के केले.

छोट्या दुकानाला तेरा-पंधरा लाख रुपये एकदम काढणे शक्य नसते. म्हणून विमा. तो सक्तीचा नाही, जबाबदारी मात्र सक्तीची आहे. हप्ता वर्षभराचा एकूण पगार आणि कामाचे स्वरूप यांवर ठरतो. त्यामुळे प्रस्तावात ‘संगणक विक्री’ एवढेच लिहून भागत नाही. शिडीवरचे, छतावरचे आणि विजेचे काम स्पष्ट नोंदवावे लागते. हप्ता वाचवण्यासाठी पगार कमी दाखवला, तर फरकाचा भार मालकावर येऊ शकतो. उपचारखर्च आणि ठेकेदाराची माणसे यांचे संरक्षण अनेकदा जादा हप्ता भरून घ्यावे लागते. समूह अपघात विमा यापेक्षा वेगळा: तो ठरलेली रक्कम देतो, मालकाची कायदेशीर जबाबदारी उचलत नाही.

इंदूरच्या मोठ्या कंपनीने आपल्याच धंद्यातले काम गौतमपुऱ्याच्या दुकानाला ठेक्याने दिले असेल, तर कारागीर त्या कंपनीकडेही भरपाई मागू शकतो. कंपनी ती रक्कम दुकानदाराकडून वसूल करू शकते.

अपघातानंतर मालकाला आणि विमा कंपनीला लगेच लेखी कळवावे. दाव्याची मुदत दोन वर्षांची असते. मृत्यूची भरपाई घरच्यांच्या हाती परस्पर देता येत नाही. ती संहितेनुसार नेमलेल्या सक्षम प्राधिकाऱ्याकडे जमा करावी लागते, म्हणजे ती अवलंबितांपर्यंत नीट पोहोचते. महिनाभरात रक्कम न दिल्यास १२ टक्के व्याज लागते आणि सबळ कारण नसेल तर निम्म्यापर्यंत दंड होतो. हा दंड विमा कंपनी भरत नाही. भरपाईचा हक्क सोडल्याचे लिहून घेतलेला कागद कायद्यापुढे निरर्थक ठरतो. दावा अपघाताच्या जागी, मालकाच्या नोंदणीकृत कार्यालयाच्या भागात किंवा कारागीर राहतो त्या भागातल्या सक्षम प्राधिकाऱ्याकडे दाखल करता येतो. मुंबईत शिडीवरून पडलेल्या गौतमपुऱ्याच्या मुलाला न्यायासाठी पुन्हा मुंबई गाठावी लागत नाही.